लोखंडी बाकाला पानं चिकटवायची, की पानाचाच बाक करायचा?

ऐरणीवरची

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेच्या पुढं आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि भाऊ मिळून चालवतो. रोजचं काम म्हणजे गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याचे मांडव. पण माझा जीव गुंतलाय तो झाडापानांच्या आकाराच्या लोखंडी फर्निचरमध्ये. त्यातल्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे आणि पुढच्या कामासाठी तुमचं मत हवं आहे.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका घरच्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं. वेलीचा बाक, पाठीला पानंच पानं. तसाच करून द्या म्हणाले. आम्ही एक इंची पाइपचा सांगाडा केला, लेझरवर ६४ पानं कापून आणली, प्रत्येक पान दोन टिपक्यांनी वेल्ड केलं, वर हिरवा रंग मारला. टेंपोत चढवताना शेजारच्या शेडमधली माणसंसुद्धा बघायला आली होती.

पहिला पावसाळा संपल्यावर फोन आला. मी गेले. प्रत्येक पानामागून तांबूस ओघळ उतरला होता. पान आणि पाइप यांच्यामध्ये नखभर फट राहते, तिथं ब्रश पोचत नाही, पाणी मात्र पोचतं आणि सुकत नाही. तिथल्या काकूंच्या दोन साड्यांचे पदर पानांच्या टोकांना अडकून फाटले होते. बोलल्या काहीच नाहीत, बाक तेवढा गोठ्याच्या मागं नेऊन ठेवला होता. मी त्यावर बसून पाहिलं. पाठीला चार पानं टोचली.

ते बोचणं अजून आठवतं. आम्ही खुर्चीच केली होती आणि वर पानांचा शिमगा लावला होता. पानांना त्या बाकात काही कामच नव्हतं. ती काढून टाकली असती तर बाक जास्त चांगला झाला असता.

गोठ्याच्या वर साग आहे. खाली पडलेलं एक पान उचललं. सागाचं पान म्हणजे केवढं असतं तुम्हाला माहीत आहे, त्यात जेवण वाढतात. एवढा मोठा पातळ पडदा, तरी देठाला धरला की आडवा उभा राहतो. मधली शीर देठाशी जाड, टोकाकडं निमुळती. आडव्या शिरा तिच्यातून निघून कडेपर्यंत जातात, आणि शिरांच्या मधला भाग किंचित फुगलेला. पालथं केलं तर शिरा हाताला बरगड्यांसारख्या लागतात. शेडमध्ये आल्यावर १.६ मिलिमीटरचा पत्रा घेतला. सपाट होता तेव्हा दोन बोटांनी वाकत होता. मधोमध एक घडी पाडली, दोन्ही बाजूंना हातोडीनं थोडा फुगवटा दिला, मग त्यावर भाऊ उभा राहिला तरी हलला नाही.

तेव्हापासून ठरवलंय की शीर वजन पेलणार नसेल तर ती काढायचीच नाही.

आता त्याच काकूंना नवा बाक करून द्यायचा आहे, पैसे न घेता. बसायची जागा म्हणजे सागाचं एक मोठं पान, १५० सेंटिमीटर लांब. मधली शीर २० मिलिमीटरच्या गोल सळईची, टोकाकडं ठोकून निमुळती केलेली. आडव्या शिरा १० मिलिमीटरच्या. वर पत्रा. देठ खाली वळून त्याचेच पाय होतील. बसण्याची उंची ४३ सेंटिमीटर. पत्रा शिरांना वेल्ड करायचा, की आणखी काही? आणि खानापूरच्या पावसात टिकेल कसं?

वाळूचासाचा

ताई, चूक उघड सांगितलात, बरं वाटलं. मी चौतीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंग केलो. आता घरीच असतो, खरं हात स्वस्थ बसत नाहीत.

ओतून करायचा विचार केलात काय? बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं पान ओतता येतंय. इंग्लंडात कोलब्रुकडेलच्या ओतशाळेनं १८५० च्या दशकात नेच्याच्या पानांचे बाक ओतले, ते जगभर गेले. एक बाजू ओतायची, तिचीच जोडीदार ओतायची, मध्ये लाकडी पट्ट्या बसवायच्या. त्यात पानं नुसती शोभेला नव्हती. पानांची जाळी हीच पाठ आणि तीच हात टेकायची जागा.

खरं बिडाचे दोन स्वभाव ध्यानात ठेवा. एक म्हणजे पातळ ओतवत नाही. वाळूच्या साच्यात चार-पाच मिलिमीटरच्या खाली गेलात तर धातू टोकापर्यंत पोचायच्या आधीच थिजतोय. पानाची टोकं अर्धवट येतात, नाहीतर दोन बाजूंनी आलेले प्रवाह भेटतात आणि जुळत नाहीत, तिथं रेघ राहते. पुढं त्याच रेघेवर मोडतंय. दुसरं, बीड दाबाला बळकट, ताणाला कच्चं. तुमचं पान देठावर लोंबणार म्हणजे वरच्या अंगाला ताण. बिडाचं केलात तर कोण तरी धपकन बसलं की देठाशी तुकडा पडेल. करायचंच असेल तर एसजी आयर्न घ्या. त्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतंय, पापुद्र्यांच्या नाही, म्हणून ते वाकतं, लगेच फुटत नाही.

आणि पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, करताना धातूचं आकसणं हिशेबात धरा. बीड निवताना शंभराला एक आकसतंय, ॲल्युमिनियम त्याहून जास्त. दीड मीटरच्या पानात दीड सेंटिमीटर गेलाच.

एका बाकासाठी मी पॅटर्न करणार नाही. दहा असतील तर करा. एकासाठी ठोकूनच करा.

निपाणकर

वजन किती होईल? आमच्याकडे बाक अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून अंगणात दिवसाला दोनदा फिरतो.

ऐरणीवरची

निपाणकर, साइटवरचं सूत्र लावून काढलं. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, मीटरचं वजन किलोत येतं. २० ची दीड मीटर म्हणजे ३.७ किलो. १० ची चौदा मीटर धरली, ८.६ किलो. पायांना १६ ची आठ मीटर, १२.६ किलो. पत्रा पाऊण चौरस मीटर, साडेनऊच्या आत. सगळं मिळून चौतीस-पस्तीस. दोघांनी उचलायचा. पहिला बाक यापेक्षा जड होता, आणि त्यातल्या कितीतरी वजनाला काही काम नव्हतं.

पानंपानं

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पहिल्या बाकाचा फोटो पाहिला. रागावू नका, पण कुठल्याही झाडाला तशी पानं येत नाहीत. काही समोरासमोर, काही एकाआड एक, एका पेऱ्यावर तीन तर पुढच्यावर एक. डोळ्याला कळतं काहीतरी चुकलंय, कारण सांगता येत नाही.

सागाला पानं जोडीनं येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढची दक्षिण-उत्तर. आंब्याला एकेक पान मळसूत्रासारखं फिरत जातं. अशा फिरत्या मांडणीत दोन लागोपाठच्या पानांमधला कोन बऱ्याच झाडांत १३७.५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळं वरचं पान खालच्याच्या डोक्यावर नेमकं येत नाही, सगळ्यांना ऊन मिळतं. पान कापण्याआधी फांदी हातात घ्या आणि पेरी मोजा, एवढंच सांगणं.

या कामाला आमच्या विषयाचा जुना आधार आहे. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा जर्मन माणूस तरुणपणी कलात्मक ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. पुढं बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायला लागला आणि विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी कोंब, शेंगा, नेच्याच्या गुंडाळ्या यांचे मोठे करून फोटो काढत राहिला, तीस वर्षांहून जास्त. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा लोकांना ते कलाकृती म्हणून आवडले, पण मुळात ती शिकवण्याची साधनं होती. नेच्याची गुंडाळी त्या फोटोत बघितली की लोहारानं सळई वळवल्यासारखीच दिसते.

अजून एक. आपल्या गावाचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव. बांबू पोकळ असून वाकताना चेपत नाही, कारण ठरावीक अंतरावर आतून पडदा आहे. पाइप वाकवताना तो चपटा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

ऐरणीवरची

वाळू ठासून भरतो आणि दोन्ही तोंडं बंद करतो! मॅडम, हे आमचे बाबा नेहमी करायचे. बांबूचं पेर आणि आमची वाळू एकच काम करतात हे आज कळलं. पायांना गोल सळईऐवजी पाइप घेऊन आत पेऱ्यांसारख्या चकत्या बसवल्या तर वजन कमी होईल. करून बघते.

कॅम्पातला

मी विषयाच्या थोडा बाजूनं जातोय. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जैन मंदिरात, कोणी वर मान करून उभं राहिलंय का? १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं, ७२ पाकळ्यांचं, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोवीश्या तीर्थंकरांचं. मी लहानपणापासून बघतोय. एवढा जड दगड, आणि खाली उभं राहिलं की फूल आत्ता उमलेल असं वाटतं. पाकळी कडेला कशी पातळ होत जाते ते ताईंनी पत्रा ठोकायच्या आधी एकदा बघून यावं.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढण्याआधी मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून ती सोडली आणि यंत्रांचं ड्रॉइंग शिकले. या गावात चित्र आणि लोखंड एकत्र आलेलं पहिल्यापासून आहे.

पुण्यातली_बेळगावकर

झाडांच्या धातू-फर्निचरबद्दल बोलतोय आणि क्लोद लालान यांचं नाव आलं नाही! फ्रान्समध्ये फाँतेनब्लोजवळच्या एका गावात त्या आणि त्यांचे पती फ्राँस्वा-झाविये यांनी आयुष्यभर काम केलं. ते २००८ मध्ये गेले, त्या २०१९ मध्ये. पतींचे मेंढ्यांच्या आकाराचे बसायचे स्टूल प्रसिद्ध आहेत, पण मला क्लोद जास्त जवळच्या वाटतात. त्या खरं पान घ्यायच्या आणि विजेच्या साहाय्यानं त्यावर तांब्याचा थर चढवायच्या. पान आत राहतं किंवा कुजून जातं, शिरान् शीर तांब्यात उरते. फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ यांच्या घरासाठी १९७४ ते १९८५ या काळात त्यांनी पंधरा आरसे केले, कडेनं डहाळ्या आणि पानं. आपल्या सागाच्या पानाचं असं करता येणार नाही का?

वाळूचासाचा

करता येतंय. आमच्या शेजारी प्लेटिंगचं युनिट होतं, तिथं बघितलोय. पानातून वीज जात नाही, म्हणून आधी ग्रॅफाइटचा नाहीतर चांदीचा वीजवाहक लेप द्यायचा. मोरचूद आणि गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवायचं, समोर तांब्याची पट्टी. करंट कमी, वेळ जास्त. चौरस डेसिमीटरला एक अँपिअर दिला तर तासाला तेरा मायक्रॉनच्या आसपास थर बसतोय. अर्धा मिलिमीटर हवा तर चाळीस तास. घाई करून करंट वाढवलात तर कडांना भुकटीसारखे गड्डे येतात.

खरं त्यावर बसायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरचं तांब्याचं पान म्हणजे पापड. त्या बाईंनीही वजन ब्राँझवर घेतलं असणार. आणि ते पाणी गटारात किंवा परसात ओतायचं नाही, विहिरीतले मासे मरतात. घरी करायचा उद्योग नव्हे तो.

पुण्यातली_बेळगावकर

बरोबर आहे काका, त्यांच्या बाकांत ब्राँझ असतंच. मी आरशाच्या चौकटीचा विचार करत होते, तिथं वजन नाही. पॅरिसच्या मेट्रोची दारंही आठवली, एक्तोर गिमारची, १९०० पासूनची. ओतीव लोखंडाचे देठ वर चढतात आणि टोकाला कळीसारखा दिवा. तिथं देठच खांब आहे, ताई म्हणतात तसं. शिवाय तेच तेच ठरावीक तुकडे ओतून वेगवेगळ्या दारांना जोडलेत, काका म्हणतात तसे पॅटर्न वसूल झाले.

जांबोटीकर

पावसाचं कोणी बोलेना म्हणून लिहितोय. आमच्याकडे जूनमध्ये सुरू झाला की कपडे गणपतीपर्यंत चुलीवर सुकवायचे. रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट, दोन वर्षांत फोड येतात. मी शेताच्या फाटकाला वितळलेल्या झिंकच्या टाकीत बुडवून घेतलं, नऊ वर्षं झाली, डाग नाही.

पण ताई, तुमच्या बाकाला दोन अडचणी दिसतात. झिंकची टाकी ४५० अंशांना असते. पातळ पत्रा आणि जाड सळई एकत्र वेल्ड करून बुडवलं तर पत्रा आधी तापतो, सळई मागून, आणि पान वेडंवाकडं होऊन बाहेर येतं. दुसरी अडचण बंद पाइपची. तुम्ही आत चकत्या बसवायच्या म्हणताय. प्रत्येक कप्प्याला हवा आणि झिंक जायला-यायला भोक हवं, आणि चकतीलाही. कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर पाइप टाकीत फुटतो, तिथली माणसं भाजतात. भोकं दिसली नाहीत तर ते लोक माल परतच करतात, आणि बरोबर करतात.

झिंक झाल्यावर वेल्डिंग करू नका. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

ऐरणीवरची

दादा, तुमच्या पोस्टनं अख्खं डिझाइन बदललं. पत्रा आणि शिरा वेगळ्या करायच्या, वेगवेगळ्या बुडवायच्या, नंतर रिव्हेटनं जोडायच्या. मध्ये तीन मिलिमीटरच्या चकत्या, म्हणजे फट राहील ती मोकळी राहील, वारा खेळेल. पहिल्या बाकाला नखभर फटीनं खाल्लं होतं. पाय साधी सळईच ठेवते, पाइपातल्या चकत्यांचा हट्ट सोडला.

कुलुमे

आमच्या भागात, बैलहोंगलच्या बाजूला, लोहाराच्या भट्टीला कुलुमे म्हणतात, म्हणून हे नाव घेतलं. घरी मराठी, गावात कन्नड, ऐरणीवर दोन्ही. आता गावात बैलगाड्याच राहिल्या नाहीत, धाव चढवायचं काम गेलं. कुऱ्हाडी, कोयते तेवढे येतात.

पान ठोकायचं ते सांगतो, वेल्डरला हे बहुतेक येत नाही. सळई केशरी-पिवळी होईपर्यंत तापवा. आधी टोक काढा, चारी बाजूंनी मारत. मग टोकामागं चार बोटं सोडून ऐरणीच्या कडेवर गळा पाडा. तो गळा म्हणजे देठ. गळ्याच्या पुढचं जे डोकं राहतं ते चपटं करा, आपोआप पानाचा आकार घेतं, कापावं लागत नाही. शिरा बोथट छिन्नीनं, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून, म्हणजे पान मागून फुगतं. लाली काळवंडायला लागली की हात थांबवा, थंड लोखंडावर मारलेला घाव तडा देतो.

मधल्या शिरेला निमुळतं करताना धातू कापू नका, खेचा. दीड मीटर शीर हवी तर सव्वा मीटर सळईवर सुरुवात करा, उरलेली लांबी खेचण्यातून येईल. वजनही वाचतं. माझ्या वडिलांनी मला नांगराच्या फाळावर हेच शिकवलं, पानाचं नाव कधी निघालं नाही.

ताई, रविवारी भट्टी पेटलेली असते. सळई घेऊन या.

निपाणकर

लाकडाचाच करा की हो. उन्हात पत्र्यावर बसवतं का? आमच्या आईला नाही चालायचं.

ऐरणीवरची

आईंना लाकडाचाच करा, मीही तेच सांगेन. हा बाक सागाखाली ठेवायचा आहे, तिथं दुपारी सावली असते. शिवाय पातळ पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतोही, ओतीव बाक संध्याकाळपर्यंत ऊन धरून ठेवतो. पण उघड्या अंगणात मी कोणाला देणार नाही.

ऐरणीवरची (चार महिन्यांनी)

बाक जाऊन पोचला.

कुलुमे दादांकडे दोन रविवार गेले. शीर त्यांच्या ऐरणीवर खेचली, घण मी मारला, सळई त्यांनी फिरवली. वडील बाजूला बसून कन्नडमध्ये रंग सांगत होते, आता काढा, आता नको. १२५ सेंटिमीटरची सळई १५१ झाली. आडव्या शिरा मॅडमनी दिलेल्या पानावरून मोजून घेतल्या. त्या समोरासमोर निघत नाहीत, थोड्या मागंपुढं निघतात, हे मी आधी सात वेळा बघूनही पाहिलं नव्हतं. पत्र्याची कड खाली वळवून गोल केली. काकूंनी आल्या आल्या पदर हातात घेतला आणि पूर्ण कडेवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अडकला नाही. मग बसल्या.

जूनमध्ये पुन्हा गेले होते, मुद्दाम पावसात. पाणी दोन्ही अंगांनी मधल्या शिरेवर येतं, तिच्याकडेनं टोकाला जातं आणि टोकाजवळच्या भोकातून खाली. पान पाणी साठवत नाही. पण ते भोक मी आठ मिलिमीटरचं ठेवलं होतं, आणि आता साग फुललाय. बारीक पांढरी फुलं रात्रभर पडतात, भोकात बसतात, सकाळी टोकाशी तळं. काकू रोज काडीनं मोकळं करतात. पुढं भोक न ठेवता लांबट चीर पाडायची म्हणते, जागेवरच, ड्रिल नेऊन. कापलेल्या कडेला झिंकचा लेप देईन.

वाळूचासाचा

चीर पाडा, खरं दोन्ही टोकांना आधी गोल भोक मारा आणि मग मधलं कापा. टोकं चौकोनी ठेवलात तर तिथूनच तडा सुरू होतोय. शनिवारी जाणार असाल तर सांगा. मला काकूंचा बाक बघायचाय, आणि ड्रिल धरायला दुसरा माणूस लागेलच.